उपासनामंदिरांतील बाकें आणि गाद्या



लांकडी बाकावर गादी घालावी कीं न घालावी, हा प्रश्न प्रथमदर्शनीं अगदीं क्षुल्लक वाटेल. कचेरींत, नाटकगृहांत किंवा आगगाडीच्या डब्यांत असा प्रश्न निघाला, तर सुतार व गादीवाला यांना बोलावून तो एका सकाळीं निकालांत काढतां येतो. परंतु तेंच बाक ख्रिस्ती उपासनामंदिरांतलें असलें म्हणजे प्रश्नाचें रूप पालटतें. मंडळीच्या सभेंत दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, देवाच्या घरीं शरीराचे लाड कशाला? दुसरा विचारतो, सत्तरी उलटलेल्या माणसानें दीड तास उघड्या फळीवर बसून कंबर मोडून घ्यावी, अशी का देवाची इच्छा आहे? दोन्ही पक्ष प्रामाणिक असतात, आणि म्हणूनच वाद लवकर मिटत नाहीं.

हा वाद नवा नाहीं. गेल्या तीन-चारशें वर्षांत तो निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या स्वरूपानें होऊन गेला आहे. त्या सर्व अनुभवाचें सार असें, कीं गादीचा प्रश्न एकट्या कंबरेचा नाहीं. तो शेजाऱ्याचा आहे आणि कानाचाहि आहे. गादी कोणाच्या वांट्याला येते आणि कोणाच्या येत नाहीं, हें पाहिलें पाहिजे. तसेंच गादी घातल्यावर मंदिरांतील गायन कसें ऐकूं येतें, हेंहि पाहिलें पाहिजे. या दोन गोष्टी तपासल्यावांचून कोणत्याहि मंडळीनें गादीवाल्याला बयाणा देऊं नये.

प्रथम इतिहास पाहूं. उपासनामंदिरांत बाक असणें हीच मुळीं फार प्राचीन रूढि नव्हे. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या कित्येक शतकांत बहुतेक लोक मंदिरांत उभे राहत किंवा गुडघे टेकीत. वृद्ध व दुबळे यांच्यासाठीं भिंतीलगत दगडी ओटा असे, तेवढीच काय ती सोय. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स पंथाच्या पुष्कळ मंदिरांत आजहि उभ्यानें उपासना करण्याची चाल आहे. इंग्लंडांत जमिनीला पक्कीं बसविलेलीं लांकडी बाकें पंधराव्या शतकांत बरींच रूढ झालीं. पुढें सोळाव्या शतकांत धर्मसुधारणेची चळवळ झाली आणि उपासनेंत प्रवचनाला मोठें स्थान मिळालें. प्रवचन तासभर चाले. किती वेळ झाला हें कळावें म्हणून व्यासपीठावर वाळूचें घड्याळ ठेवीत. इतका वेळ उभें राहून ऐकणें कोणाला झेपणार? तेव्हां बाकांचा प्रसार वाढला. ज्या दिवशीं लोक तासभर बसूं लागले, त्याच दिवशीं फळी टणक आहे हेंहि त्यांना समजूं लागलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

सतराव्या व अठराव्या शतकांत या बाकांनीं एक चमत्कारिक रूप घेतलें. इंग्लंडांत आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील वसाहतींत श्रीमंत कुटुंबें मंदिरांत आपापल्यासाठीं लांकडी कोंडाळीं बांधून घेऊं लागलीं. छातीइतक्या उंच फळ्यांनीं चारी बाजू बंद, आंत जाण्यास दार, आणि पुष्कळदां दाराला कुलूपहि. या कोंडाळ्याबद्दल कुटुंब वर्षाचें भाडें भरी किंवा तें विकतच घेई. आंत गाद्या, गालिचे आणि पडदे असत. कोठें कोठें जमीनदारांच्या कोंडाळ्यांत शेकोटीसुद्धां असे. अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं १७२३ सालीं बांधलेल्या ओल्ड नॉर्थ चर्चमध्यें अशीं कोंडाळीं अद्यापि पाहावयास मिळतात.

या लोकांना केवळ ऐषआरामी म्हणून निकालांत काढणें न्यायाचें होणार नाहीं. त्या काळीं मंदिरें तापविण्याची सोय नव्हती. बर्फ पडत असतां थंड दगडी इमारतींत दोन-दोन तास बसावें लागे. उंच फळ्यांनीं वारा अडे, गादीनें अंगांत थोडी ऊब राही, आणि पायांशीं निखाऱ्यांची लहानशी पेटी ठेवीत. सोय करून घेण्यास कारण होतें. परंतु ती सोय भाडें देणाऱ्यापुरतीच राहिली, हा तिच्यांतला मुख्य दोष. ज्याच्याजवळ पैसा नव्हता, तो मागच्या बाजूस, सज्ज्यांत किंवा मधल्या वाटेंत ठेवलेल्या उघड्या बाकावर बसे. थंडी त्यालाहि वाजत होती.

नव्या करारांतील याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत याच गोष्टीविषयीं स्पष्ट इशारा दिलेला आहे. सोन्याची अंगठी व भारी वस्त्र ल्यालेला मनुष्य सभास्थानीं आला असतां त्याला चांगली जागा द्यावयाची, आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला उभें राहण्यास किंवा पायांपाशीं बसण्यास सांगावयाचें, हा पक्षपात आहे, असें तें पत्र बजावतें. दर रविवारीं हा ग्रंथ ज्या मंदिरांत वाचला जात होता, त्याच मंदिरांत गादीच्या कोंडाळ्याला कुलूप लागत होतें.

त्या काळच्या लेखकांनीं व चित्रकारांनीं गाद्यांची थट्टाहि पुष्कळ केली. जोनाथन स्विफ्ट यानें १७०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘बॉसिस अँड फिलेमन’ या विनोदी काव्यांत एका झोपडीचें चर्च बनतें, आणि त्या झोपडींतील जुना पलंग चर्चमधील बाकें होतो. पण लोकांना झोंपविण्याचा आपला जुना गुण मात्र तो सोडीत नाहीं. विल्यम होगार्थ या चित्रकारानें १७३६ सालीं ‘झोंपलेली मंडळी’ या विषयावर एक प्रसिद्ध खोदचित्र काढलें. गादी आली कीं झोंप आली, अशी समजूत तेव्हांपासून दृढ झालेली दिसते.

परंतु या समजुतीला खुद्द बायबलांतच एक उत्तर सांपडतें. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायांत युतुख नांवाच्या तरुणाची हकीकत आहे. त्रोवस गांवीं पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, आणि खिडकींत बसलेला हा तरुण गाढ झोंपेनें तिसऱ्या मजल्यावरून खालीं पडला. सुदैवानें त्याचे प्राण वांचले. तो गादीवर बसला नव्हता, खिडकीच्या कडेवर बसला होता. तेव्हां झोंपेचा सर्व दोष गादीच्या माथीं मारण्यापूर्वीं प्रवचनाची लांबी व खोलींतील कोंदट हवा यांचाहि विचार करणें इष्ट आहे.

कोंडाळ्यांविरुद्ध खरी मोहीम एकोणिसाव्या शतकांत झाली. शहरें वाढलीं, आणि गरीब मजुरांना मंदिरांत बसण्यास जागाच उरली नाहीं. १८१८ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें नवीं चर्चें बांधण्यासाठीं दहा लक्ष पौंड मंजूर केले, आणि त्या चर्चांत कांहीं जागा बिनभाड्याच्या ठेवाव्या अशी अट घातली. १८३९ मध्यें केंब्रिज येथें स्थापन झालेल्या कॅम्डेन सोसायटीनें भाड्याच्या कोंडाळ्यांवर कडक टीका आरंभिली. तिचे एक संस्थापक जॉन मेसन नील यांनीं १८४१ सालीं या कोंडाळ्यांच्या इतिहासावर एक पुस्तकच लिहिलें. हळूहळू पुष्कळ मंदिरांतून तीं काढून टाकण्यांत आलीं, आणि त्यांच्या जागीं सर्वांना सारखीं, ठेंगणीं, उघडीं बाकें आलीं. त्या धामधुमींत ठिकठिकाणीं गाद्याहि गेल्या. विषमता दूर करतांना म्हाताऱ्यांची सोयहि दूर झाली.

सोय आणि समता यांची सांगड घालतां येते, याचें एक सुंदर उदाहरण इंग्लंडांतील विंचेस्टर येथील कॅथीड्रलमध्यें आहे. १९३१ ते १९३६ या वर्षांत लुईझा पेझेल या भरतकामांत निष्णात असलेल्या बाईंच्या देखरेखीखालीं तेथील अनेक स्वयंसेवक स्त्रियांनीं जाड कॅनव्हासवर लोंकरीचें भरतकाम करून बाकांच्या लांब गाद्या आणि गुडघे टेकण्याच्या उशा तयार केल्या. येथें गादी ही कोणा एका कुटुंबाची मिरास नव्हती. अनेक हातांनीं ती मंदिरासाठीं केली होती. हा भेद लहान नाहीं.

येथवर शेजाऱ्याचा प्रश्न झाला. आतां कानाच्या प्रश्नाकडे वळूं. या विषयांत मोठी भर पडली ती १८९५ पासून, आणि ती धर्मशास्त्र्यानें नव्हे, तर पदार्थविज्ञानाच्या एका तरुण अध्यापकानें घातली. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत बांधण्यांत आली होती. तिच्यांतील व्याख्यानगृह दिसण्यांत चांगलें होतें, पण वक्त्याचें बोलणें कोणास नीट समजेना. उच्चारलेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही. तेवढ्या वेळांत वक्ता पुढचे दहा-पंधरा शब्द बोलून जाई, आणि सर्व शब्दांचा एकच काला होई. हा दोष दूर करण्याचें काम वॉलेस क्लेमेंट सॅबिन यांजकडे सोंपविण्यांत आलें.

सॅबिन यांनीं योजलेलें साधन ऐकून नवल वाटेल. तें साधन म्हणजे बसण्याच्या गाद्या. जवळच सँडर्स नांवाचें नाट्यगृह होतें. तेथील आसनांवरच्या गाद्या ते व्याख्यानगृहांत आणवीत. रस्त्यावरची रहदारी थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर, ऑर्गनची एक नळी वाजवावयाची, ती एकदम बंद करावयाची, आणि आवाज पूर्णपणें नाहींसा होण्यास किती वेळ लागतो तो मोजावयाचा. मग आणखी गाद्या मांडून पुन्हा मोजावयाचा, असा त्यांचा क्रम असे. गाद्या वाढत गेल्या तसतसा घुमण्याचा काळ कमी होत गेला. सर्व गाद्या आणून पसरल्यावर तो साडेपांच सेकंदांवरून जेमतेम एक सेकंदावर आला. या प्रयोगांतून त्यांना जो नियम सांपडला, त्याच्या आधारें बॉस्टनचें सिंफनी हॉल हें १९०० सालीं उघडलेलें संगीतगृह बांधण्यांत आलें. आजहि कोणतेंहि सभागृह बांधतांना सॅबिन यांच्या नियमाचा उपयोग होतो. इमारतींतील ध्वनीच्या या शास्त्राचा आरंभ साध्या बैठकीच्या गाद्यांपासून झाला, ही गोष्ट बाकांचा विचार करणाऱ्यांनीं विसरूं नये.

सॅबिन यांनीं आवाज गिळण्याचें माप म्हणून उघडी खिडकी घेतली. उघड्या खिडकीवर पडलेला आवाज बाहेर जातो, परत येत नाहीं. एखादी वस्तु किती आवाज गिळते, हें ती किती चौरस फूट उघड्या खिडकीइतकी आहे असें सांगून व्यक्त करतां येतें. गुळगुळीत लांकडी फळी फारच थोडा आवाज गिळते. मऊ गादी पुष्कळ गिळते.

एक हिशेब करून पाहूं. समजा, एका मंदिरांत तीस बाकें आहेत, प्रत्येक आठ फूट लांब, आणि बैठकीची फळी चौदा इंच रुंद. सगळ्या फळ्यांचें क्षेत्रफळ २८० चौरस फूट झालें. गादी आपल्यावर पडणाऱ्या आवाजाचा अर्धा भाग गिळते असें धरलें, तर सर्व बाकांवर गाद्या घालणें म्हणजे १४० चौरस फूट खिडक्या उघडणें होय. तीन फूट रुंद व चार फूट उंच अशा खिडक्या धरल्या तर त्या जवळजवळ बारा भरतील. मंदिर साठ फूट लांब, तीस फूट रुंद व वीस फूट उंच असून त्याच्या भिंती, छप्पर व दारें-खिडक्या मिळून पूर्वींच ६०० चौरस फूट उघड्या खिडकीइतका आवाज गिळत असल्या, तर सॅबिन यांच्या नियमाप्रमाणें रिकाम्या मंदिरांत घुमण्याचा काळ सुमारें २.९ सेकंद येतो. गाद्या घातल्यावर तो सुमारें २.४ सेकंद होतो. अर्ध्या सेकंदाचा हा फरक कानाला स्पष्ट कळतो.

हा फरक इष्ट कीं अनिष्ट? प्रवचनाला तो इष्ट आहे, कारण शब्द सुटे सुटे ऐकूं येतात. गायनाला तो अनिष्ट होऊं शकतो. मंडळी एकत्र गाते तेव्हां भिंतींवरून परतणारा आवाज सर्वांचे सूर एकमेकांत मिसळतो. गाणाऱ्याला वाटतें कीं आपल्याबरोबर शंभर माणसें गात आहेत, आणि ज्याचा गळा बेताचा तोहि धीर करून तोंड उघडतो. मंदिर फार मऊ झालें, कीं प्रत्येकाला आपलाच आवाज उघडा पडल्यासारखा वाटतो. संकोचानें आवाज लहान होतो, आणि कांहीं वर्षांनीं मंडळी गाणें सोडून ऐकत बसते. गाद्या घातल्यापासून गायन पडलें, अशी तक्रार कोठें निघाली तर तिला जुन्या मताच्या माणसांचा हट्ट समजून झिडकारूं नये. तिच्यामागें पदार्थविज्ञान असण्याचा संभव आहे.

याची दुसरी बाजूहि आहे. माणसाचें शरीर व कपडे हेहि आवाज गिळतात. मंदिर भरलेलें असतां गाद्या माणसांखालीं झांकून जातात, आणि फरक थोडा पडतो. मंदिर अर्धें रिकामें असतां उघड्या गाद्या न आलेल्या माणसांची जागा घेतात. म्हणूनच नाट्यगृहांत खुर्च्यांना गाद्या बसवितात, म्हणजे प्रेक्षक थोडे असोत वा पुष्कळ, आवाज सारखा राहतो. ज्या मंदिरांत आवाज इतका घुमतो कीं प्रवचन कळत नाहीं, तेथें गाद्या वरदानच ठरतील. आपल्या इकडे बहुतेक मंदिरांच्या खिडक्या उकाड्यामुळें मुळांतच उघड्या असतात, म्हणून पुष्कळसा आवाज आधींच बाहेर जात असतो. तेथें गाद्यांची भर घालण्यापूर्वीं दोनदां विचार करावा. चर्च ऑफ इंग्लंडच्या मंदिरांच्या इमारतींविषयीं सल्ला देणाऱ्या परिषदेनें जुन्या मंदिरांसाठीं गादीनें मढविलेल्या खुर्च्यांपेक्षां साध्या लांकडी आसनांना पसंती दिली आहे.

महाराष्ट्रांतील परिस्थिति कांहींशी वेगळी आहे. येथील जुन्या मोठ्या चर्चांतील बाकें युरोपीय पद्धतीचीं आहेत. मुंबईंत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्यें, जें १८५८ सालीं उपासनेस खुलें झालें, शिपायांना आपल्या बंदुका उभ्या ठेवतां याव्या म्हणून बाकांना खांचा केलेल्या आहेत. बसणारा जसा असेल तसें बाक घडतें, याचा हा बोलका पुरावा होय. उलटपक्षीं खेड्यापाड्यांतील अनेक मंडळ्या सतरंजीवर मांडी घालून बसतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचीं भजनें टाळ-तबल्याच्या साथीवर अशा बैठकींतच अधिक रंगतात. सतरंजीवर मोठा-लहान हा भेद सहसा उरत नाहीं, हा तिचा मोठा गुण. परंतु ज्यांचे गुडघे वाकत नाहींत, त्यांना भिंतीशीं खुर्ची किंवा बाक द्यावेंच लागतें, आणि मग गादीचा प्रश्न तेथेंहि उभा राहतो.

आतां शरीराचा विचार. बसतांना अंगाचा बहुतेक भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. फळी टणक असली म्हणजे तो भार दोन लहानशा जागांवर एकवटतो. तरुणाच्या अंगावर मांस असतें, त्याला तें जाणवत नाहीं. म्हाताऱ्याचें मांस झडलेलें असतें, त्याला अर्ध्या तासांत कळ लागते. कळ लागली कीं लक्ष उपासनेवरून उडतें, आणि दुखण्याला भिऊन कित्येक वृद्ध रविवारीं घरींच बसतात. शरीराचे लाड नकोत असें म्हणणाऱ्यांनीं या न येणाऱ्यांचीहि मोजदाद करावी. गादीचें काम एवढेंच, कीं तो भार अधिक जागेवर पसरावा. त्यासाठीं ती दीड ते दोन इंच जाड व घट्ट असली म्हणजे पुरे. फार मऊ गादींत माणूस रुततो, पाठीला बांक येतो, आणि उठतांना म्हाताऱ्याला शेजाऱ्याचा हात धरावा लागतो. गादीनें बैठकीची उंचीहि वाढते. साधारण सतरा-अठरा इंच उंचीचें बाक सोयीचें असतें. त्यावर दोन इंचांची भर पडली कीं ठेंगण्या माणसाचे पाय लोंबकळतात, आणि मांडीच्या मागच्या बाजूस फळीची कड रुतते. तेव्हां गादीच्या पुढच्या कडेला गोलाई ठेवावी, आणि पायांसाठीं खालीं एक आडवी पट्टी ठोकावी.

भरणाच्या बाबतींत आपल्या हवेचा विचार केला पाहिजे. कापूस स्वस्त व ओळखीचा. परंतु तो बसून बसून दबतो, वरचेवर पिंजून घ्यावा लागतो, आणि पावसाळ्यांत ओल धरून त्याला बुरशी येते. सांवरीचा कापूस हलका असतो, पण त्याचीहि लवचीकता लवकर जाते. घोड्याचे केस हें युरोपांतील जुनें उत्तम भरण. तें वर्षानुवर्षें उसळी सोडीत नाहीं, पण महाग पडतें. १९२९ च्या सुमारास डनलॉप कंपनीच्या प्रयोगशाळेंत रबराच्या चिकाचा फेस करून गाद्या बनविण्याची युक्ति सांपडली. १९३७ सालीं जर्मनींत ओटो बायर यांनीं पॉलियुरेथेन हें कृत्रिम द्रव्य सिद्ध केलें. आज बाजारांत फोम म्हणून जो मिळतो, तो बहुधा त्याचाच असतो. हलक्या प्रतीचा फोम थोड्याच वर्षांत दबून भुगा होतो, आणि पेट घेतल्यास झपाट्यानें जळून विषारी धूर सोडतो. जेथें मेणबत्त्या लागतात तेथें ही गोष्ट डोळ्यांआड करणें धोक्याचें आहे. नारळाचा काथ्या रबराच्या चिकांत बुडवून केलेले जाड थर आपल्या हवेला चांगले मानवतात. त्यांतून हवा खेळते आणि ओल लवकर सुकते.

खोळ जाड सुती कापडाची, दोसुतीची किंवा तशाच घट्ट विणीची असावी. रेक्झिन पुसण्यास सोपें खरें, पण उन्हाळ्यांत तें अंगाला चिकटतें, घाम आणतें, आणि कांहीं वर्षांनीं त्याला चिरा पडतात. गादीच्या शिवणी व बुंधे हें ढेंकणांचें आवडतें वसतिस्थान असतें, हें सांगण्याची गरज आपल्या श्रोत्यांना नसावी. म्हणून गादी काढतां येण्याजोगी, बंदांनीं बांधलेली असावी, आणि महिन्यांतून एकदां उन्हांत टाकावी. जुन्या सागवानी बाकांत खिळे ठोकून ती कायमची मढविणें टाळावें. खिळ्यांनीं फळी बिघडते, आणि पुढच्या पिढीला आपला विचार बदलावयाचा असला तरी बदलतां येत नाहीं. आठ फुटांची सबंध गादी न करतां दोन-अडीच फुटांचे तुकडे करावे, म्हणजे धुण्यास व बदलण्यास सोपे जातात. मापें कागदावर घेऊन मगच भाव विचारावा. वर घेतलेल्या तीस बाकांना दोन इंच जाडीच्या भरणाचे सुमारें ४७ घनफूट लागतील. त्यावर भाव गुणिला म्हणजे खर्चाचा अंदाज सभेपुढें स्पष्ट मांडतां येईल, आणि वादांतली निम्मी धुसफूस आपोआप थांबेल.

सरतेशेवटीं मंडळ्यांनीं करून पाहण्यासारखा एक सोपा प्रयोग आहे. त्याला पैसा लागत नाहीं. एका रविवारीं प्रत्येक घरानें आपली एक गोधडी आणावी आणि घडी करून बाकांवर घालावी. उपासनेपूर्वीं मंदिर रिकामें असतां एकानें मध्यभागीं उभें राहून टाळी वाजवावी, आणि गोधड्या असतां व नसतां ती किती वेळ घुमते हें इतरांनीं ऐकावें. नंतर नेहमींचीं गीतें म्हणावीं, नेहमींचें प्रवचन ऐकावें. शेवटीं सर्वांत वृद्ध बाईला विचारावें कीं आज बसण्याचा त्रास कमी झाला काय, आणि गायनाच्या मुख्याला विचारावें कीं मंडळीचा आवाज कसा लागला. सॅबिन यांनीं नाट्यगृहाच्या गाद्यांनीं जें केलें, तेंच हें घरच्या गोधड्यांनीं करावयाचें.

दोघांचेंहि उत्तर अनुकूल आलें, तर सर्व बाकांवर सारख्या गाद्या घालाव्या. पुढच्या चार बाकांवर जाड व मागच्यांवर पातळ, असें करूं नये. देणगीदाराचें नांव गादीवर घालण्याचा मोहहि टाळावा. नांव आलें कीं जागा आली, आणि जागेमागून जुनें कोंडाळें येण्यास वेळ लागत नाहीं. गायन पडतें असें दिसलें, तर सर्व बाकें उघडींच ठेवून दाराशीं एका फडताळांत वीस-पंचवीस सुट्या गाद्या ठेवाव्या, आणि ज्याला हवी त्यानें उचलून न्यावी. मात्र ती उचलणाऱ्याला संकोच वाटूं नये, म्हणून पहिल्या रविवारीं मंडळींतील एखाद्या धडधाकट तरुणानें एक गादी उचलून कोणा वृद्धाच्या जागेवर स्वतः नेऊन ठेवावी.